चारशे बारा पिवळे चौकोन

दवाखान्याच्या तळघरात, धुलाईच्या यंत्रांना लागून असलेल्या खोलीत ती एकवीस वर्षं बसत होती. वॉर्डांना स्वच्छ चादरी द्यायच्या, मळलेल्या मोजून घ्यायच्या, फाटलेल्या बाजूला काढायच्या. तिचं खरं नाव फार थोड्यांना ठाऊक होतं. सगळे तिला चादरबाईच म्हणत. सुरुवातीला तिला राग यायचा. पुढे रागवायचाही कंटाळा आला.

त्या दिवशी ती कामावर आली तीच दमून. घरी आई अंथरुणाला खिळलेली. पहाटेपासून दोनदा चादर बदलून झाली होती. नवरा म्हणाला होता, "तुझी घरीपण ड्यूटी, तिकडेपण ड्यूटी." तो ओला बोळा घेऊन मदतीला आला, पण गुडघ्यांमुळे त्याला वाकता येईना. शेवटी तिनंच सगळं उरकलं.

खुर्चीत टेकते न टेकते तोच भांडारातल्या साहेबांचा फोन आला.

"वर्षभरात किती चादरी फाटल्या, आकडा आज चार वाजेपर्यंत द्या. त्यावरच नव्या मिळतील."

नोंदी संगणकावर होत्या. चौदा वॉर्ड, चौदा रकाने, रोजची एक ओळ. पण त्यात फाटलेल्यांसाठी वेगळी जागाच नव्हती. सिस्टर लोक जवळपास मोकळा चौकोन दिसेल तिथे आकडा लिहीत आणि त्याला पिवळा रंग देत. तिनं बोटानं मोजले तेव्हा पिवळे चौकोन चारशे बारा निघाले, नुसते वाऱ्यावर उडाल्यासारखे पसरलेले. रंग बघून बेरीज करणं त्या जुन्या प्रोग्रॅमला जमत नव्हतं. एकेक चौकोन टिपूनच बेरजेत घ्यायचा होता.

तिनं कंट्रोलचं बटण दाबून धरलं आणि टिपायला लागली. तीस झाले. एकतिसाव्याला संगणक अडून बसला. तिनं वरच्या मजल्यावर एक्स-रेवाल्यांना फोन लावला. संगणकातलं त्यांना थोडंफार कळत असे.

"एका कंसात तीसच मावतात, ताई," ते म्हणाले. "आत आणखी एक कंस घाला. म्हणजे सगळे मिळून एकच धरले जातात."

"एवढंच? मग आधी का नाही सांगितलंत?"

"तुम्ही आधी कधी विचारलंत?"

युक्ती चालली. पन्नास, शंभर, दीडशे. मनगट दुखायला लागलं. दोनशेच्या थोडं पुढे गेल्यावर पडद्यावर सूचना आली: सूत्र फार लांब झालं. ती पुसायला म्हणून तिनं एस्केप दाबलं, आधी एकदा, सूचना हटेना म्हणून पुन्हा. सूचना गेली, आणि तिच्याबरोबर दोन तासांचं सगळं टिपणंही गेलं.

ती दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून राहिली. पलीकडे धुलाईच्या यंत्राचा ड्रम गरगरत होता. धुलाईवाल्यानं दारातून डोकावून विचारलं, "काय झालं, बाई?"

"काही नाही. पहिल्यापासून."

आता मात्र तिनं मोठी उडी मारायची नाही असं ठरवलं. तीस-तीसच्या जुड्या बांधायच्या, चादरींच्या बांधतो तशा. एका जुडीची बेरीज झाली की ती बाजूच्या रिकाम्या रकान्यात ठेवायची, जतन करायची, मगच पुढची घ्यायची. गेलं तर तीसच जातील. अशा तेरा जुड्या झाल्या, चौदावी बावीसची. मग चौदा बेरजांची एक बेरीज: एक हजार चारशे शहाऐंशी.

साडेतीन वाजले होते. पण नववी जुडी इतरांपेक्षा फुगलेली दिसत होती. डोळे चोळत तिनं एकेक चौकोन तपासला. पिवळ्या तीनऐवजी शेजारचे शहाण्णव टिपले गेले होते, त्या दिवशी धुवायला आलेल्या चादरींचे. तसंच राहू दिलं असतं तर शंभरेक चादरी आपोआप जास्त मिळाल्या असत्या. तिच्या मनात ते येऊन गेलं. तरी तिनं आकडा दुरुस्त केला: एक हजार तीनशे त्र्याण्णव.

भांडारात साहेबांनी तिनं आणलेला कागद पाहून पेन उचललं. "सगळेच फुगवून आणतात, बाई. मी एक तृतीयांश कापतोच."

"मी खालीच कापून आणलाय, साहेब," ती म्हणाली. आवाज चढवायचं त्राणच नव्हतं. "तरी कापायचा असेल तर कापा. फक्त कुठल्या वॉर्डातल्या पेशंटला चादर द्यायची नाही, तेही लिहून द्या. मला तिथे सांगावं लागतं."

साहेब पेन खाली ठेवून म्हणाले, "जुड्यांचा कागद पण ठेवून जा."

तीन आठवड्यांनी गठ्ठे आले, तेराशे चादरींचे. पुऱ्या नाहीत, पण पुष्कळ. कौतुकाचा शब्द कुणी काढला नाही, आणि तिला त्याची सवयही नव्हती. तिनं सगळ्या वॉर्डांना निरोप धाडला: रंग नकोत, फाटलेल्यांसाठी प्रत्येक वॉर्डाशेजारी वेगळा रकाना केलाय, तिथेच लिहा. सिस्टर कुरकुरल्या. "आता ही चादरबाई आम्हाला शिकवणार!"

"शिका," ती म्हणाली. मग दवाखान्याच्या शिक्क्याची शाई ओतली, पहिली नवी चादर उलगडली आणि तिच्या कोपऱ्यावर शिक्का मारला. बाराशे नव्व्याण्णव बाकी होत्या.