नापासाचा वाफा

रेणुकादास सरांच्या भाषणात मुक्ता दर वर्षी वरच्या वर्गात चढत गेली.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर तीन वर्षांनी, क्लास पत्र्याच्या शेडमध्ये भरायचा तेव्हा, ती चौथीत होती. दोन वर्षांनी सातवीत गेली. लातुरात क्लासच्या दुमजली इमारती उठू लागल्या, सरांचीही उठली, त्या साली ती दहावीला बोर्डात येणार होती. आणि दोन हजार दोनच्या जूनमध्ये सहाशे पालकांसमोर सरांनी चष्मा काढला, रुमाल शोधला आणि म्हणाले, "ढिगाऱ्याखालून त्या लेकराचा शेवटचा आवाज आला. आई, मला डॉक्टर व्हायचंय."

मुक्ताची आई धुरपताबाई तेव्हा स्टेजवरच उभी होती, हातात गुलाबाचं फूल घेऊन. एरवी ती क्लासच्या प्रयोगशाळेत काचेच्या नळ्या धुवायची. जूनमध्ये एक दिवस तिला इस्त्रीची साडी नेसून यायला सांगायचे. पालकांनी डोळे पुसले आणि प्रवेशाच्या खिडकीसमोर रांग लागली.

खरं असं होतं, की औसा तालुक्यातल्या त्या गावात मुक्ता दहा वर्षांची होती आणि त्याच साली चौथी नापास झाली होती. तिला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. "बरं झालं आये," ती म्हणाली होती, "वरच्या वर्गाच्या खिडकीतून तळं दिसत न्हाई." विसर्जनाच्या रात्री नाचून आली, "पाय दुखायलेत" म्हणाली आणि झोपली. पहाटे भिंत अंगावर आली. शेवटचं बोलणं म्हणाल तर एवढंच.

ते भाषण झाल्यावर धुरपताबाई सरांच्या केबिनमध्ये गेली.

"सर, माझी पोरगी चौथीत व्हती."

"माहिती आहे बाई. पण लोकांना प्रेरणा मिळते त्यातून."

"ती नापास व्हती."

सरांनी पेनचं टोपण लावलं. "हा शब्द या इमारतीत उच्चारायचा नाही. शिपायानंसुद्धा."

"हाव," धुरपताबाई म्हणाली आणि नळ्या धुवायला गेली. त्या दिवशी तिच्या हातून एकही नळी फुटली नाही. रागात असली की तिचा हात फार स्थिर व्हायचा.

सप्टेंबरात सरांनी नवीन टूम काढली. बायोलॉजीला मेंडेल, मेंडेलला वाटाणा, म्हणून इमारतीमागे मेंडेल गार्डन. डिसेंबरात पालक मेळावा होता. पालक वरच्या गॅलरीत चहा घेणार आणि खाली हिरवीगार बाग पाहणार. काम आलोक सरांकडे दिलं. ते पुण्याहून आलेले, बायोलॉजीचे, एम.एस्सी. पहिलं बी त्यांनी सप्टेंबरच्या उन्हात लावलं, तापल्या मातीत ते कुजलं. दुसरं दोन दिवस बादलीत भिजत ठेवलं, त्याला फेस आला, वास सुटला. तिसरं मटकीसारखं फडक्यात बांधून बोटभर मोड आणले आणि लावताना सगळे मोड तुटले.

"उसळ केली असती तर खाल्ली तरी असती," गेटवरचा वॉचमन फारूकभाई म्हणाला.

दिवाळी झाल्यावर सरांनी धुरपताबाईला बोलावलं. "बाई, तुम्ही शेतातल्या. एवढे वाटाणे उगवून द्या. माझ्या इज्जतीचा प्रश्न आहे."

"देते की," धुरपताबाई म्हणाली. "पर वाफ्याकडं कुणी फिरकायचं न्हाई. माझ्या पद्धतीनं करते."

"करा ना. मला हिरवं दिसलं पाहिजे."

साक्षरता वर्गात धुरपताबाई पाटीभर अक्षरं शिकली होती. त्यातली तिला तीनच लागणार होती, आणि दोन काने. वीस फुटांच्या वाफ्यात ती वाटाण्यानं लिहिणार होती: नापास. मेळाव्याच्या दिवशी, वरच्या गॅलरीतून वाचता येईल एवढं मोठं. अडचण एकच होती. बागेत चार बिया उगवल्या नाहीत तर कोणाला कळत नाही, अक्षरात चार उगवल्या नाहीत तर अक्षर जातं. तिला एकूण एक बी उगवायला हवं होतं.

आलोक सरांनी किराणा दुकानातून आणलेले वाटाणे तिने आधी बाजूला काढले. औशाच्या बाजारातून यंदाचं बी आणलं. दोन्हीतले दहा-दहा दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. किराण्यातले चार फुटले, औशातले नऊ.

"हे खायचे, हे पेरायचे," तिने फारूकभाईला दाखवलं.

"आणि मास्तरला कोण दाखवणार?"

"त्यांनी इचारलं तर."

माती तिने आदल्या दिवशी भिजवली आणि वाफशावर येऊ दिली. मुठीत घेतली की गोळा व्हावा, टिचकी मारली की फुटावा, इतपत. भोकाचे, फुटके दाणे काढून टाकले. बाकीचे संध्याकाळी भिजत घातले, सकाळी उपसले आणि ओल्या फडक्यात ठेवले. दाण्याला जेमतेम नाक फुटलं तेव्हा पेरायला घेतले. सुतळीनं अक्षरं आखली, एक पेर खोल बोट घालून चार-चार बोटांवर भोकं पाडली, एका भोकात दोन-दोन दाणे.

आलोक सर आलेच. "बाई, ओळी सरळ नाहीत. मेंडेलच्या बागेत ओळी होत्या."

"त्यानं कुठं पेरलं व्हतं?"

"मठात. युरोपात."

"मठातली माती येगळी. हितं काळी हाय, पाणी धरून बसती. हिला वळवून पेरावं लागतं."

आलोक सरांनी ते वहीत लिहून घेतलं.

वरून तिने राख भुरभुरली मुंग्यांसाठी, आणि साळुंक्यांसाठी कडबा पसरला. त्यावर पाणी टाकलं नाही. फारूकभाई रोज झारी घेऊन यायचा, ती रोज परत पाठवायची. "ओल हाय आत. आता पाणी घातलं तर कुजतंय. सगळ्यांची घाई तीच असती."

"बाई," एक दिवस फारूकभाईनं विचारलं, "ये लिखा क्या है तुमने? सुतळी दिसली मला."

तिनं सांगितलं. फारूकभाई खाली बसला. "सरांनी पाहिलं तर?"

"पाहू द्या की. त्यासाठीच तर लिहिलंय."

आठव्या दिवशी तिने कडबा उचलून पाहिला. 'न' उभा होता, पोपटी, वाकलेल्या मानांचा. पहिला काना, 'प', 'स' सगळं होतं. दुसरा काना नव्हता. उंदरानं रात्रीतून नीट ओळीत उकरून दाणे खाल्ले होते. 'नापस'. धुरपताबाईला त्या उंदराचा जेवढा राग आला तेवढा सहा वर्षांत सरांचा सोडून कुणाचाच आला नव्हता. मेळाव्याला सात दिवस उरले होते. रोपांना उजेड मिळावा, पण वरून अक्षरं दिसू नयेत, म्हणून तिने कडबा खुंट्यांवर विरळ टाकला.

तिने उरलेल्या बियांतले वीस दाणे निवडले. एकवीस तास लागले नाक फुटायला. या वेळी थोडं वर पेरलं, लवकर यावं म्हणून, आणि त्यावर बाभळीच्या काट्या दाबून बसवल्या. रोज सकाळी ती काट्यांतून बोट घालून माती चाचपायची. पाचव्या दिवसापर्यंत काही नव्हतं.

"एका कान्यानं काय होतंय, लोक समजून घेतील," फारूकभाई म्हणाला.

"न्हाई. सर म्हणतील, बाईला लिहाया येत न्हाई. हासतील आन् सोडून देतील."

मेळाव्याच्या दिवशी सकाळी काट्यांखालची माती भेगाळून वर उचलली गेली होती. तिने काट्या काढल्या आणि दुपारपर्यंत वाकल्या मानांचे हिरवे कोंब वर आले. लहान होते, पण ओळीत होते.

चार वाजता गॅलरी भरली. सर खाली वाफ्याशेजारी माइक घेऊन उभे राहिले. "आमच्या धुरपताबाईंनी, ज्यांची लेक डॉक्टर व्हायची राहिली, त्यांनी स्वतःच्या हातांनी ही बाग फुलवली. बाई, उघडा."

धुरपताबाईनं आणि फारूकभाईनं कडबा ओढला.

वर चहाचे कप थांबले. मग कुणीतरी पहिलीतल्यासारखं वाचलं, "ना-पा-स." एक बाई खुदकन हसली. सर खालून पाहत होते, त्यांना वेड्यावाकड्या झुडपांशिवाय काही दिसेना.

"काय झालं?" त्यांनी माइक तोंडाशीच ठेवून विचारलं.

"सर, इकडं येऊन बघा," फारूकभाई म्हणाला. "तिकडून उलटं हाय."

सर आले. वाचलं. पण पंधरा वर्षं बोलून पोट भरणारा माणूस तो. "पालकहो," त्यांनी आवाज खाली घेतला, "अपयशाच्या मातीतूनच यशाचा अंकुर..."

"सर, थांबा." धुरपताबाईला माइक लागत नव्हता. गावी तळ्यापलीकडच्या म्हशी तिने नुसत्या हाकेनं परत आणल्या होत्या. "ते तुमच्या लेकरांसाठी न्हाई. माझ्या मुक्ताचं हाय. ती चौथी नापास व्हती. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं. ढिगाऱ्याखालून ती काय बी बोलली न्हाई. तो आवाज सरांनी दिलाय."

गॅलरीत कुजबुज सुरू झाली. मग रेणापूरचा एक टोपीवाला गृहस्थ कठड्यावर वाकला. "सर, मग भिंतीवर फोटो लावलेत त्या मेरिटच्या पोरी तरी तुमच्याच हायेत का?"

"त्यातली एक समोरच्या क्लासच्या पाटीवर बी हाय," मागून कोणीतरी म्हणालं. "म्या येताना बघितली."

"दाखवा की रजिस्टर."

"हाव, दाखवा."

सरांनी माइक आलोक सरांकडे दिला. आलोक सरांनी तो बंद केला.

केबिनमध्ये सर बराच वेळ पाणी पीत होते. "बाई, मी काय वाईट केलं तुमचं? बेघर होतात, काम दिलं."

"दिलं की."

"मग?"

"मी सहा वर्षं नळ्या धुतल्या. त्या कामाची फेड झाली. पोरगी दिली नव्हती तुमाला."

"उद्यापासून येऊ नका."

"उद्या न्हाई येत. गुरुवारी येते. पाणी द्यायचं हाय."

"मी ते आत्ता उपटून टाकणार आहे."

"उपटा. खाली माणसं हायेत अजून, त्यास्नी बी बघू द्या उपटताना."

सरांनी खिडकीतून पाहिलं. पालक खाली उतरले होते आणि वाफ्याभोवती उभे राहून एकमेकांना अक्षरं दाखवत होते. सरांनी खिडकी लावून घेतली.

धुरपताबाई मागच्या जिन्यानं उतरली. वाटाणा कमरेएवढा वाढतो आणि त्याला चढायला आधार लागतो. तिने भिंतीला टेकवलेला तुराट्यांचा भारा सोडला आणि 'न'पासून सुरुवात केली.