खुरप्यावरचा झेंडू

नाशिकच्या जुन्या गल्लीत माझी होलोग्रामची छोटी गॅलरी आहे. पुढच्या खोलीत काचा मांडलेल्या, मागच्या अंधाऱ्या खोलीत त्या करायच्या. लेसरच्या उजेडात वस्तू काचेवर अशी उमटते, की बघणाऱ्याने डोकं हलवलं की तिची बाजूसुद्धा दिसते. अट एकच: उजेड पडत असताना वस्तू केसभरही हलता कामा नये. जे हललं ते काचेवर काळं उमटतं. म्हणून माझं टेबल वाळूने भरलेलं आहे आणि खाली हवा भरलेल्या स्कूटरच्या ट्यूबा आहेत. तरीही शेजारच्या वर्कशॉपमधलं लेथ मशीन सुरू होऊन जमीन हादरली की माझा दिवस पाण्यात.

गेल्या वर्षी आईच्या हृदयाचं ऑपरेशन झालं. ती सायखेड्याहून माझ्याकडे राहायला आली आणि बरीही झाली, पण माझ्या मनातली धास्ती जाईना. ती आहे तोवर तिचं काहीतरी काचेवर धरून ठेवायचं, हे एकच खूळ डोक्यात बसलं. गावाकडून तिचं खुरपं मागवलं. त्याच्या मुठीवर तिच्या बोटांच्या खाचा पडल्या आहेत.

दिवस निवडला खंडेनवमीचा, कारण त्या दिवशी शेजारचं लेथ हार घालून गप्प बसतं. दुपारी टेबलाशी गेले, तर आईने खुरप्याला हळदकुंकू लावून वर झेंडू ठेवलेला.

"आज अवजार कामाला लावायचं नसतं, एवढं पण कळत नाय?" ती म्हणाली. "आणि पूजेचं फूल आज उतरवायचं नाय."

ऑपरेशन झालेल्या बाईशी कोण वाद घालणार! फुलासकट काच केली. धुऊन वाळवली, तर खुरपं मुठीवरच्या खाचांसकट लख्ख आणि फुलाच्या जागी काळं भोक. माझा पारा चढला. माझ्याकडची शेवटची कोरी काच होती ती.

"ताजं फूल ते, सुकताना हललं," मी चिडून म्हणाले. "जिवंत काही माझ्या काचेत येतच नाही."

आईने मान इकडेतिकडे करून खुरपं निरखलं. "लय भारी हाय," म्हणाली. "पुढच्या येळी मलाच बसव. मी हलणार नाय."

"तू श्वास घेशील, आई. तुझं काळीज धडधडेल. तू सगळीच्या सगळी काळी येशील."

एवढं बोलले आणि मला रडूच फुटलं. काय झालं ते तिला कळेना. ती घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. माझी आई काचेत येत नाही, याबद्दल देवाचे किती आभार मानावेत, ते मलाही कळत नव्हतं.