धाकटीची बक्षिसी

बक्षिसी या प्रकाराची मला मनस्वी चीड. पगार मिळतो ना? मग हात कशाला पसरायचा? बाळंतपणाच्या वॉर्डची मी इनचार्ज सिस्टर, म्हणून दारावर पाटी मीच लावून घेतली: ‘बक्षिसी मागू नये, देऊ नये.’ आमच्या आया मावशीनं ती पाटी रोज ओल्या फडक्यानं लख्ख पुसली आणि तिच्याच खाली उभं राहून बक्षिसी उकळली.

मावशी अंगानं आडवी, आवाज असा की झोपलेलं बाळ दचकावं. बाळंतिणीला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणायचं काम तिचं. बाप दिसला की सुरू, "मुलगी झाली ना? मग एवढ्यावर नाही भागायचं!" लोकही हसत हसत खिसे उलटे करायचे. मी ओरडले की म्हणायची, "सिस्टर, आनंद फुकट घेऊ नये, टिकत नाही." आता हिच्या तोंडाला कोण लागणार?

एकदा एका जोडप्याची पहिली मुलगी पोटातच गेली. मावशीनं त्या लेकराला कोमट पाण्यानं अंघोळ घातली, टोपडं बांधलं, आईच्या कुशीत दिलं, बापाला दाखवलं. दुसऱ्या दिवशी ती आईला बाहेर घेऊन आली, तेव्हा तो दाराशीच उभा होता. सकाळपासून त्याच्याशी कुणी धड बोललं नव्हतं. सगळे नजर चुकवून जायचे, मीसुद्धा. बाकीचे बाप काय करतात ते मात्र त्यानं बघितलं होतं. बिचाऱ्यानं तशीच नोट काढून पुढे धरली. भान नाही, दुसरं काय! 

मावशीनं नोट घेतली. वर म्हणते कशी, "मुलगी झाली ना? मग एवढ्यावर नाही भागायचं!"

मी धावलेच. हिला आजच घरी बसवते, म्हटलं. पण तो माणूस घाईघाईनं दुसरा खिसा चाचपत होता. आणखी एक नोट निघाली.

"हो, मुलगी झाली," तो म्हणाला.

"कुणावर गेलीय?"

"हिच्यावर. नाक तेवढं माझं." आणि त्याचा बांध फुटला. बायकोनं त्याचा हात घट्ट धरला. मावशी दोघांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

नंतर मी तिला बादली भरताना गाठलं. तीच म्हणाली, "अहो सिस्टर, नको म्हटलं असतं, तर तो बाप झालाच नव्हता असं झालं असतं." आणि बादली उचलून फरशी पुसायला गेली. या वॉर्डात माझा जन्म गेला, हे मला कुणी शिकवलं नव्हतं. त्या बाईकडे बघून अंगावर काटा आला. अजून येतो.

पुढे ते दोघं पुन्हा आमच्याकडेच आले. या वेळी बाळाचा टाहो पार जिन्यापर्यंत ऐकू गेला. खुर्ची दाराशी येते न येते तोच तो नोट नाचवत धावला, "मावशी, धाकटी आली!"

मावशीनं हात पुढे केला. "धाकटी ना? मग एवढ्यावर..." पुढचं तिला बोलवेना. एवढी तोंडाळ बाई, पदर डोळ्यांना लावून उभी.

"नाही भागायचं!" पाटीखालून मी ओरडले.