चार्टवाली

"हात धुऊन ये. साबणाने. दोनदा."

सर हे अख्ख्या वर्गासमोर म्हणाले. मी काय केलं होतं? टेबलावरच्या सर्किटकडे हात नेला होता. बस.

मी धुऊन आले. सरांना तेवढ्यावर समाधान नव्हतं. त्यांनी ओंकारला पुढे बोलावलं. "बघ रे, वास गेला का?" ओंकारने माझ्या बोटांना नाक लावलं. "थोडा आहे, सर." वर्ग फिदीफिदी हसला. मग सर माझ्याकडे बघून गोड आवाजात म्हणाले, "तू चार्ट कर. तुझं अक्षर छान आहे."

त्या दिवशी मी मासळीला हातसुद्धा लावला नव्हता. पण मी मिरकरवाड्याची, बंदरालगतच्या वस्तीतली. आई बंदरावर लिलावात मासळी घेते आणि बाजारात बसून विकते, हे सगळ्यांना माहीत. त्यांना वास नाकाने येत नव्हता, माझ्या पत्त्याने येत होता.

मी तेव्हा नववीत. शाळेत इलेक्ट्रॉनिक्सची नवी लॅब आली होती. बोर्ड, सेन्सर, छोटे पंखे, वायरींचे जुडगे. सर विज्ञानाचे, पण सोल्डरिंगची गन धरताना त्यांचा हात थरथरायचा. माझा नाही थरथरायचा. माझे बाबा ट्रॉलरवरचं वायरिंग करतात. पावसाळ्यात बोटी किनाऱ्यावर ओढल्या की मला सोबत न्यायचे. खाऱ्या हवेने हिरवी पडलेली वायर कापायची, नवी जोडायची, मीटर लावून बघायचं. सहावीत मला हे सगळं येत होतं. एकदा मी सरांना तसं सांगितलं. सर म्हणाले, "बोटीवरच्या जोडाजोडीला इलेक्ट्रॉनिक्स म्हणत नाहीत."

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनासाठी आमच्या गटाचा प्रोजेक्ट होता आंब्याच्या अढीचा. अढी म्हणजे गवतात आंबे पिकत घालतात ती. खोलीत उष्णता वाढली की सेन्सरने ओळखायचं आणि पंखा आपोआप लावायचा. कल्पना ओंकारच्या बाबांची. त्यांच्या हापूसच्या बागा, शिवाय ते शाळेच्या समितीवर. म्हणून ओंकार गटप्रमुख. गटात पाच जण. चौघे सर्किटवाले, मी चार्टवाली.

तीन आठवडे त्यांचा पंखा उलटा चालला. खोली थंड की पंखा सुरू, गरम झाली की बंद. चौघांनी सेन्सर बदलला. बोर्ड बदलला. सरांनी पंखाच बदलला! मी कोपऱ्यात बसून आंब्याच्या पानांत हिरवा रंग भरत होते आणि बघत होते. पंख्याला चालू-बंद करणारा जो रिले होता तोच उलट्या चालीचा होता. सिग्नल गेला की बंद, सिग्नल थांबला की चालू. प्रोग्राममध्ये दोन शब्दांची अदलाबदल करायची होती, एवढंच.

मधल्या सुट्टीत लॅबमध्ये कोणी नव्हतं. मी जाऊन ती अदलाबदल केली. सैल झालेल्या दोन वायरीही नीट बसवल्या. सुट्टी संपली आणि पंखा सरळ चालला. मी सरांना सांगितलं, "सर, मी केलं." सरांनी आधी ओंकारकडे पाहिलं. मग म्हणाले, "टीमवर्क आहे. मी-मी करायचं नसतं."

प्रदर्शनाच्या पाटीवर चार नावं होती. माझं नव्हतं. ती पाटीही माझ्याच हाताने लिहून घेतली. मी लिहिली. एकेक नाव, सुबक अक्षरात. आज माझ्याच त्या अक्षराची चीड येते.

प्रदर्शनाच्या दिवशी सर म्हणाले, "तू टेबलामागे उभी राहा. काही बंद पडलं तर बघ. आणि मुख्य म्हणजे, बोलू नकोस."

परीक्षक म्हणून दापोलीहून एक बाई आल्या होत्या. ओंकार इस्त्रीच्या कपड्यांत पुढे. पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणाला. बाईंनी सेन्सरसमोर हात धरला, मग टेबलावर ठेवलेला हेअर ड्रायर धरला. पंखा हलला नाही. पुन्हा धरला. नाही.

"का चालत नाही?" बाईंनी विचारलं.

ओंकार बोर्डाकडे बघत राहिला. बाकीचे तिघे ओंकारकडे.

मला मागून दिसत होतं. गाडीतून आणताना एक वायर निसटली होती. बोटाने दाबली की संपलं. सर माझ्या कानाशी आले. "जा, लाव पटकन." मग बाईंना हसून म्हणाले, "ही आमची मदतनीस आहे. वरकाम बघते."

वरकाम.

माझं बोट पुढे गेलं होतं. मी ते मागे घेतलं.

"मी नाही लावणार, सर."

"काय?"

"पाटीवर नावं आहेत. त्यांना सांगा."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुला माहीत आहे काय झालंय?"

"हो. प्रोग्राम मी दुरुस्त केलाय. पण यात माझं नाव नाही. म्हणून हात लावणार नाही."

पंखा बंदच राहिला. बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं आणि पुढच्या टेबलावर गेल्या. बक्षीस दुसऱ्या शाळेला गेलं. मला वाईट वाटलं का? नाही. खोटं कशाला सांगू. ओंकारचा पडलेला चेहरा मी डोळे भरून पाहिला.

दुसऱ्या दिवशी आईला शाळेत बोलावलं. ती बाजारातून तशीच आली. सरांनी तिला दारातच उभं केलं. म्हणाले, "मुलीने शाळेची अब्रू घालवली. माफी मागायला सांगा, नाहीतर लॅबमध्ये पाऊल ठेवू देणार नाही."

आई आधी माझ्यावरच खेकसली, "कशाला गो तोंड चालवलंस?" मग सरांकडे वळली. "पण काम हिनं केलेलं ना?"

"प्रश्न तो नाही, बाई."

"माझा तोच हाय."

मी माफी मागितली नाही. लॅब मला बंद झाली. दहावीपर्यंत मी शाळेत फक्त पुस्तकातल्या आकृत्या काढल्या आणि सुट्टीत बोटींवर काम शिकले.

आता मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. मागच्या आठवड्यात सरांचा फोन आला. आवाजात तूप. "अगं, तू आमची शान! शाळेच्या प्रदर्शनाला पाहुणी म्हणून ये. मुलींना दोन शब्द सांग."

मी विचारलं, "सर, मिरकरवाड्याच्या मुली प्रोजेक्टमध्ये काय करतात?"

"त्या ना... सजावट फार छान करतात."

"मग मी स्टेजवर हेच विचारीन."

अर्ध्या तासाने निरोप आला. कार्यक्रमात बदल झालाय, पाहुणे दुसरे ठरलेत.

ठरू देत. प्रदर्शन सगळ्यांना खुलं असतं. मी जाणार आहे. प्रत्येक टेबलासमोर थांबणार आहे. पुढे उभ्या असलेल्या मुलाला विचारणार, ही वायर इथे का लावलीस? त्याला सांगता आलं नाही तर मागे सजावटीची कात्री घेऊन उभ्या असलेल्या मुलीला पुढे बोलावणार, सगळ्यांदेखत, आणि तेच तिला विचारणार. सर मध्ये पडले तर त्यांनाही विचारणार. आवाज खाली करणार नाही. बाहेर काढलं तर फाटकाशी उभी राहीन आणि पुढच्या वर्षी परत जाईन.