भाऊजी, टेप आणि कूलर

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मी. हे मी नम्रपणानं सांगत नाही. ज्यांचे आजोबा शिकलेले असतात त्यांना नम्रपणा शोभतो. माझे आजोबा अंगठा करायचे, आणि वडील सही म्हणून जे काढायचे ते अंगठ्यापेक्षा वाचायला कठीण होतं. मी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालो, नागपुरात एका शाळेत विज्ञान शिकवायला लागलो, आणि वडील गेल्यावर तिथल्याच नंदनवन वस्तीत दोन खोल्या भाड्यानं घेऊन मायला कळमेश्वरकडच्या खेड्यातून घेऊन आलो. पदवी मिळाली तरी तिला माय म्हणणं काही सोडलं नाही. 'आई' म्हटलं असतं तर तिनं मागं वळून पाहिलं असतं, हा कोणाले हाक मारून राहिला म्हणून.

या पदवीचा घरात उपयोग काय, तर रेशन कार्डाचे अर्ज भरणे आणि धाकट्या भावाची पत्रं मायला वाचून दाखवणे. भाऊ आयटीआय करून आखातात फिटर म्हणून गेला होता. यंत्र बिघडलं की मात्र घरात शब्द चालायचा तो भाऊजींचा. भाऊजी म्हणजे माझ्या मोठ्या बहिणीचे यजमान. ते एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. कारखान्यातला प्रत्येक नटबोल्ट त्यांच्या हातून जायचा, म्हणजे त्याची चिठ्ठी फाटायची. यंत्रांशी त्यांचा संबंध तेवढाच. पण तो रोजचा होता, आणि शिवाय ते जावई होते. माझ्याकडे नुसतं भौतिकशास्त्र होतं.

त्यांनी आमचा रेडिओ दुरुस्त केला तेव्हापासून तो फक्त नागपूर केंद्र लावायचा, तेही डोक्यावर थापड खाल्ल्यावर. भिंतीवरचं घड्याळ त्यांनी उघडलं आणि बंद केलं, तर बाहेर दोन स्क्रू उरले. "कंपनीवाले जास्तीचे टाकतेत," ते म्हणाले. घड्याळ बंदच राहिलं, पण आधीपेक्षा हलकं झालं.

ऐंशीचं दशक नुकतंच लागलं होतं. मे महिना होता. ताई माहेरपणाला आली होती. तिला पोचवायला आलेले भाऊजी तिला पोचवून झाल्यावरही राहिले होते, कारण आमच्याकडे कूलर होता. सीताबर्डीच्या बाजारातून सायकल रिक्षात घालून आणलेला पत्र्याचा कूलर, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या. सुरू झाला की घरात बोलायचं ते ओरडूनच. त्याच्यासमोर एक खाट होती आणि खाटेवर भाऊजी होते. कूलरची हवा आम्हालाही मिळायची, भाऊजींना लागून उरलेली.

त्या दिवशी सकाळी कळमेश्वरचा एक गडी खोकं घेऊन दारात उभा राहिला. तो भावाच्याच कंपनीत कामाला होता आणि सुटीवर आला होता. भावानं त्याच्या हाती टू-इन-वन पाठवला होता, रेडिओ आणि टेप एकातच, आणि सोबत एक कॅसेट. सुटी संपली होती, संध्याकाळच्या गाडीनं तो मुंबईला निघणार होता. सुटी लागल्यापासून खोकं कुठं होतं ते आम्ही विचारलं नाही. टेपमध्ये त्याच्याकडची लग्नाच्या गाण्यांची कॅसेट तशीच राहिली होती, तिनंच ते सांगितलं.

"या कॅसेटीत तो बोलला आहे," गडी म्हणाला. "मायले कायतरी महत्त्वाचं विचारलं म्हणे त्यानं. दुसऱ्या बाजूनं मायनं जवाब भरून द्याचा. मी पाच वाजता येतो, स्टेशनावर जाता जाता कॅसेट घेऊन जातो."

मी पत्र वाचायचो तेव्हा माय ऐकता ऐकता गहू निवडायची. आज तिनं सूप बाजूला ठेवलं, डोक्यावर पदर घेतला आणि टेपसमोर अशी बसली, जणू भाऊच दारातून आत येणार आहे. मी बटण दाबलं.

विहिरीत पडलेली म्हैस हाका मारते, आणि तीही झोपेत, तसा आवाज आला. "माऽऽऽऽ..." एवढ्या एका अक्षराला इतका वेळ लागला की 'य' येईपर्यंत ताईनं पाणी पिऊन घेतलं. पुढचे शब्द गुळाच्या पाकासारखे एकमेकांना चिकटून आले. त्यातून आम्हाला उमगलं ते एवढंच, "सऽऽहीऽऽ", आणि पुढं एक लांब हंबरणं.

मायचा चेहरा उतरला. "हा बिमार आहे."

"बिमार नाही वं माय," ताई म्हणाली, "तिकडच्या हवेनं आवाज बसते माणसाचा."

"आवाज बसला तं असा बसते? तोंडातून शब्द निघून नाही राहिला पोराच्या!"

भाऊजी खाटेवरून उठले. हे फार कमी वेळा घडायचं. त्यांनी टेप हातात घेतला, वजन पाहिलं, कानाला लावून हलवला. "फीत वाचते ते हेड घाण झालं आहे. टेक्निकल गोष्ट आहे ही." मग ताईच्या पेटीतून लग्नातली अत्तराची कुपी मागवली, रुमालाचं टोक भिजवलं आणि टेपच्या आतल्या अंगाची पूजा केली. पुन्हा लावला. म्हैस तशीच हंबरली, फक्त आता तिला गुलाबाचा वास येत होता.

मग त्यांनी सेलवर चालवून पाहायचं ठरवलं, आणि मागचा कप्पा उघडताना आतली स्प्रिंग तुटून कुठंतरी उडाली. "ती तशीही नाजूकच होती," ते म्हणाले. सेलचा रस्ता कायमचा बंद झाला.

तोवर मला बिघाड सापडला होता. त्याला फार हुशारी लागत नव्हती, वर पाहणं लागत होतं. कूलर चालू असला की आमचा बल्ब पिकलेल्या लिंबासारखा पिवळा पडायचा. घरमालकानं दोन्ही खोल्यांना मिळून एकच वायर ओढली होती, पायातल्या जोडव्याच्या तारेएवढी. कूलरची मोटर त्यातली सगळी ताकद ओढून घ्यायची. टेपच्या मोटरला उरलंसुरलं मिळायचं. मोटर हळू, म्हणून फीत हळू, म्हणून आवाज जाड. आठवीच्या पोराला कळेल.

"कूलर बंद करा," मी म्हटलं. "टेप चांगला आहे."

भाऊजी माझ्याकडे अशा करुणेनं पाहू लागले, ज्या करुणेनं मी वर्गातल्या शेवटच्या बाकाकडे पाहायचो. "काय गा मास्तर! कूलरचा अन् टेपचा काय संबंध? कूलर पाण्यावर चालते, टेप विजेवर."

"दोन्ही विजेवरच चालतात, भाऊजी."

"मग पाणी काहून टाकता त्याच्यात बकेट बकेट? पुस्तकातलं पुस्तकात ठेवा. अस्सल गोष्ट सांगू का? तिथली वीज आहे तेलाची. इथली कोळशाची. तेलाच्या विजेवरचा टेप कोळशाच्या विजेवर जडच चालन."

यावर ताई मान डोलवत होती. मायसुद्धा. मी विद्यापीठाच्या परीक्षेत विजेवर पाच प्रश्न सोडवले होते, पण त्यात ती तेलाची की कोळशाची हे कुणी विचारलं नव्हतं.

"एकदा बंद करून तर पाहू," मी पुन्हा म्हटलं, तशी ताई माझ्या कानाशी येऊन ओरडली, कारण कूलरपुढं कुजबुज चालत नव्हती. "भाऊ, कूलरचं नाव काढू नको. त्याईले घामोळ्या येतेत. मग घरी गेल्यावर वर्षभर मलेच ऐकावं लागते, तुह्या माहेरी अस्सं अन् तस्सं!"

शेजारी नेऊन वाजवू म्हटलं, तर माय कडाडली, "माह्या पोराचं बोलणं लोकायच्या घरी ऐकाचं?"

झालं. जेवणं झाली. भाऊजींनी आमरसाच्या वाट्या मनापासून रिकाम्या केल्या आणि कूलरसमोर आडवे झाले. त्यांचं घोरणं कूलरच्या आवाजातही वेगळं ऐकू यायचं, यावरून काय ते समजा. माय टेप सोडून उठली नाही. ती पुन्हा पुन्हा मला फीत मागं घ्यायला लावायची, पुन्हा तोच "माऽऽऽय", पुन्हा "सऽऽही". चार वाजून गेले. तिनं तोंड पुसलं आणि म्हणाली, "बाबू, दुसरी बाजू लाव. त्याले सांगतो, ये परत."

"त्यानं काय विचारलं तेच कळलं नाही, माय."

"कळाचं काय आहे त्याच्यात? पोरगं बिमार आहे. आजारी माणसाले माय काय सांगन? ये म्हणन."

हे ऐकून मी घाबरलो, हे खरं. भावाला मी ओळखत होतो. मायनं एकदा "ये" म्हटलं की तो तिथलं सगळं सोडून पुढच्या विमानात बसला असता, आणि इथं येऊन कोणत्या कारखान्याच्या फाटकाशी उभा राहिला असता ते देवाला माहीत. आणि हे सगळं कशापायी, तर एका वायरीपायी. मी म्हटलं, "माय, तो बिमार नाही. एक मिनिट कूलर बंद केला तर त्याचा खरा आवाज येईल. माझ्या शिक्षणाची शपथ."

"मग कर बंद."

मी कूलरकडे पाहिलं. मग खाटेकडे पाहिलं. विजेचा ओहमचा नियम मला पाठ होता, पण झोपलेल्या जावयाचा कूलर बंद करायचा कोणताही नियम आमच्या अभ्यासक्रमात नव्हता. मी म्हटलं, "जरा उठू दे त्यांना."

मायनं माझ्याकडे पाहिलं. पदर कमरेला खोचला, खाटेला वळसा घालून गेली आणि कूलरचा प्लग उपटून हातात घेतला.

घरात एकदम शांतता पसरली. ताट्यांमधून पाणी ठिबकत होतं. बल्ब पांढरा झाला. मी बटण दाबलं.

"माय, जेवली का?"

भाऊ! रोजच्यासारखा, घाईघाईनं, अर्धे शब्द खात. मायच्या हातातला प्लग खाली पडला.

तो बोलत सुटला होता. खोलीत पाच जण आहेत, डाळ तोच करतो, बाकीच्यांना मिठाचा अंदाज नाही. खोलीत एवढं गार असते की झोपताना पांघरूण घ्यावं लागते. "अन् हो, हा टेप महागाचा आहे. भाऊजीच्या हाती देजो नको. घड्याळाचे दोन स्क्रू अजून बाहेरच असतीन."

नेमक्या याच वाक्याला भाऊजी घामानं निथळत उठून बसले होते. आमच्या अख्ख्या घरात त्या दिवशीचं पहिलं वाक्य, जे सगळ्यांना एकदम स्वच्छ ऐकू गेलं.

पुढं भावाचा आवाज जरा हळू झाला, पण वायरीमुळं नव्हे. "माय, साहेब म्हणते अजून दोन वर्षाची सही कर. करू का, येऊ? दादाले पत्रात लिहाले लावू नको. दादा चांगलं लिहिते, पण ते दादाचं असते. तू बोल. तू म्हणशील तसं."

माझ्या मराठीचं इतकं छोटं परीक्षण आजवर कुणी केलेलं नाही.

"आता लावा कूलर," भाऊजी म्हणाले. पायजम्यानं कपाळ पुसायचं तेवढं बाकी होतं. "ऐकलं ना?"

"थांबा, जवाईबापू," माय म्हणाली. जन्मात पहिल्यांदाच ती त्यांना थांबा म्हणत होती. "बाबू, दुसरी बाजू लाव."

मी कॅसेट उलटली, लाल बटण दाबलं. माय टेपच्या जवळ गेली आणि शेताच्या दुसऱ्या धुऱ्यावर उभ्या माणसाला हाक मारावी तशी बोलायला लागली.

"जेवलो! तू जेवत जा. डाळ पातळ नको करू. हे पाह्य, मले वाटते तू यावं. रोज वाटते. पण मले वाटते म्हणून येऊ नको. सही कर. मनानं कर, रडत करू नको. दोन वर्ष काय, निघून जातेत. इथं येऊन तरी काय करशील? घरात कूलर एक, अन् त्याच्यासमोरची खाट भरली आहे!"

मग ती टेपकडे पाहत बसली. टेप फिरत होता. मला खूण करायचं ती विसरली होती आणि मलाही बंद करायचं सुचलं नाही.

बंद केल्यावर मी प्लग उचलून लावला. कूलर गरजला, पण भाऊजी खाटेवर बसले नाहीत. शर्ट घालून दारात जाऊन उभे राहिले आणि बाहेरची तापलेली लू अंगावर घेत राहिले. ताईचे डोळे भरले होते. तिनं मला स्वयंपाकाच्या ओट्याकडे ओढलं.

"भाऊ, ते शेवटचं खाटेचं पुसून टाक. तिथले पाचही जण ऐकतीन! कळमेश्वरभर होईन! तुले येते ना पुसता?"

येत होतं. त्या जागेवर नुसतं लाल बटण दाबून धरलं की झालं, अर्ध्या मिनिटाचं काम.

"नाही येत, ताई," मी म्हटलं. "कॅसेटच्या दोन्ही बाजू चुंबकानं एकमेकींना जोडलेल्या असतात. इकडचं मायचं पुसलं तर तिकडचा भाऊही पुसला जाईल."

"खरंच?"

"विज्ञान आहे."

ती मागं सरली. भाऊजींनीही दारातून मान हलवली. टेक्निकल गोष्ट असल्यामुळं त्यांना पटलं असावं. पाच वाजता गडी आला, कॅसेट खिशात घालून गेला, आणि भावानं तिकडं दोन वर्षांची सही केली.

मी त्या घरात वर्षानुवर्षं विजेबद्दल, पाण्याबद्दल, उकळण्याबद्दल, गंजण्याबद्दल खरं तेच सांगत आलो होतो, आणि प्रत्येक वेळी कुणीतरी भाऊजींना विचारून खात्री करून घेतली होती. माझं एकच म्हणणं कुणी तपासून न पाहता मान्य झालं, ते हे.