सासू-सुनेची खोली

सोफे-खुर्च्यांना नवं कापड चढवणाऱ्या कारखान्यात तिला सगळे काटकी म्हणायचे. अंगावर मांस नावालाही नाही, पण रेक्झिन ताणायला बसली की धट्टेकट्टे कारागीर तिच्यापुढे हात टेकायचे. तिच्या डाव्या हाताची करंगळी वाकडी होती. नव्या माणसाला वाटायचं, मशीनमध्ये सापडली असेल. खरं म्हणजे ती करंगळी नवऱ्याने दाराच्या फटीत धरून वरून दार लावलं होतं. कारण काय, तर चहा गार झाला होता.

नवरा ट्रक चालवायचा. तो लांबच्या फेरीवर गेला की घरात दोन घास सुखाने पोटात जायचे. ट्रकचा हॉर्न ऐकू आला की सासू-सुना दोघींचे चेहरे पांढरेफटक पडायचे. कारण त्याचा हात एकट्या बायकोवर चालायचा नाही. एकदा तो काटकीला केस धरून जिन्यावरून ओढत होता आणि म्हातारी आई मध्ये पडली. त्याने तिच्या कानाखाली अशी काही वाजवली की तो कान कायमचा गेला.

दुसऱ्या दिवशी तो फेरीवर निघाला तशी सासूने पेटीतून आपली दोन लुगडी काढली आणि सुनेला म्हणाली, "चल पोरी. याला जन्म दिला मी, पण याच्या हातून मरायचा ठेका नाही घेतला."

काटकीला हे खरंच वाटेना. सुना घर सोडतात, ते तिने पाहिलं होतं. सुनेचा हात धरून पोटच्या पोरालाच सोडणारी सासू तिने ऐकलीसुद्धा नव्हती.

काही महिने दोघी कारखान्याच्या मागच्या गोदामात, फोमच्या ढिगावर झोपल्या. मग कुणीतरी सांगितलं की कमी कमाईच्या घरांना सरकार भाड्याला हातभार लावतं. खेटे घालून चपला झिजल्या, पण मदत मिळाली. भाड्याचा मोठा वाटा सरकार थेट घरमालकाला देणार, उरलेला काटकी भरणार. अट एकच होती: खोलीत राहणार त्या या दोघीच. तिसरं कमावतं माणूस न कळवता राहायला आलं की मदत बंद.

सायकल दुरुस्तीच्या दुकानावर एक खोली मिळाली. खाली दुकान चालवणारा तोच घरमालक. सरकारी भाडं वेळेवर येतं म्हटल्यावर त्याने फार चौकशी केली नाही. आतून कडी लावून झोपायचं सुख काय असतं, ते काटकीला तिथे कळलं. म्हातारी तर दिवसासुद्धा उगाच कडी लावून बसायची.

पण ट्रकवाल्याला माग लागला. तो सरळ वर आला नाही. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून दुकानात बसायला लागला, घरमालकाला पंक्चर काढू लागला. बायको रागावून आलीये, आईचे कान भरलेत, मी आता सुधारलोय, असं त्याने गोड बोलून गळी उतरवलं. घरमालक मनाने वाईट नव्हता. दोघांचा संसार पुन्हा जुळला तर पुण्यच लागेल, असं त्याला वाटलं. त्याने खोलीची जादा किल्ली ट्रकवाल्याच्या हातात ठेवली. म्हातारी भाजी आणायला खाली उतरली तेवढ्यात तो वर गेला.

काटकी संध्याकाळी कामावरून आली तेव्हा तो बूट घालून बिछान्यावर पडला होता. म्हातारी कोपऱ्यात भिंतीला चिकटून बसली होती आणि तिच्या ओठातून रक्त येत होतं.

"आता मी इथंच राहणार," तो म्हणाला. "भाडं सरकार भरतंय, तुझ्या बापाचं काय जातं?"

ती मागे वळली तसा त्याने तिचा गळा धरून तिला दारावर आपटलं. आवाज केला, पोलिसांकडे गेली किंवा कामावर कुणाला कळलं, तर म्हातारीला जिन्यावरून खाली फेकीन, एवढंच त्याने शांतपणे सांगितलं. तो ते करील, याबद्दल तिला शंका नव्हती. म्हणून ती रोज कामावर गेली, गळ्याला ओढणी गुंडाळून. रोज परत आली. पट्टा, लाथ, गरम सांडशी, जे त्याच्या हाताला येईल ते त्या दोघींनी खाल्लं. खाली घरमालक रेडिओ मोठा करायचा.

अशात भाडं-मदतीच्या कार्यालयातल्या बाई सकाळी पाहणीला येणार असल्याचा निरोप आला. ट्रकवाल्याने दोघींना नीट बजावलं: मी आज पाहुणा म्हणून आलोय, असंच सांगायचं. वेगळा शब्द निघाला तर बाई गेल्यावर बघून घेईन.

बाई आल्या. त्यांनी भिंतीची ओल पाहिली, नळ सोडून पाहिला, खिडकी उघडते का ते पाहिलं. तो हसून म्हणाला, "मी पाहुणा, मॅडम. उद्या निघालो." काटकीने मान डोलावली. खरं सांगितलं तर खोली जाईल आणि खोटं सांगितलं तर तो इथंच राहून कधीतरी जीव घेईल, अशा कात्रीत ती सापडली होती.

बोलली ती म्हातारी. "पाहुणा नाही, बाई. माझा मुलगा आहे. इथंच राहतो, आम्हाला मारतो. तुमची मदत बंद करायची तर करा, पण याला बाहेर काढा."

पुढचं सगळं डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच घडलं. त्याने आईच्या पोटात लाथ घातली. बाई मध्ये आल्या, त्यांना त्याने खिडकीवर ढकललं. काच फुटून त्यांचा दंड चिरला. मग तो खाली पडलेल्या आईच्या छातीवर बसला आणि दोन्ही हातांनी तिचा गळा आवळू लागला.

लग्नापासून काटकी त्याला अहो-जाहो करायची. त्या क्षणी ती ओरडली, "सोड तिला!" तो सोडेना. तिने लाकडी स्टूल उचललं आणि त्याच्या कोपरावर घातलं. हाड मोडल्याचा आवाज तिने स्पष्ट ऐकला. तो वळला, तिने पुन्हा घातलं, या वेळी तोंडावर. तो आडवा झाला तरी तिचा हात थांबेना. शेवटी दंडाला पदर दाबून धरलेल्या बाईंनीच तिला मागे ओढलं. "बस कर, मरेल तो," त्या म्हणाल्या. नंतर काटकी म्हणायची, त्या वेळी तो मेला असता तरी तिला वाईट वाटलं नसतं, आणि याचीच तिला जास्त भीती वाटली.

पोलीस त्याला घेऊन गेले. मदत बंद झाली नाही. जबरदस्तीने घुसलेला माणूस घरातला धरत नाहीत, असं बाईंनी स्वतः लिहून दिलं. घरमालकाने मात्र हात जोडले. मारामारीचं घर मला नको, म्हणाला. किल्ली कुणी दिली होती, हे त्याला म्हातारीने विचारलं, तेव्हा तो समोरच्या चाकात हवा भरू लागला. मदत घराला नसून माणसांना होती, त्यामुळे दोघींना दुसरी खोली मिळाली. कारखान्यापासून लांब, तळमजल्यावर.

न्यायालयात म्हातारीने पोराच्या विरुद्ध साक्ष दिली. वकील पुन्हा पुन्हा विचारत होता, आई असून तुम्ही असं सांगता? तिने दरवेळी तेच उत्तर दिलं, की घडलं ते सांगतेय. प्लास्टरमधला हात छातीशी धरून तो तिच्याकडे बघत होता. तिनेही नजर हटवली नाही.

घरी आल्यावर मात्र ती जेवेना. काटकीने ताट वाढलं, समजावलं, शेवटी चिडली.

"त्याच्यासाठी उपाशी राहताय, आई?"

"तो लहानपणी असा नव्हता गं," म्हातारी म्हणाली.

काटकीने एक घास उचलला आणि सासूच्या तोंडाशी धरला. बऱ्याच वेळाने म्हातारीने तोंड उघडलं.