कोठीतला कॉम्प्युटर

प्राइमर मारला, तर कोठीच्या पत्र्यावर पुन्हा बारीक खड्डे पडले. प्राइमर म्हणजे रंगाच्या आधीचा थर. तो पत्र्याला घट्ट धरतो आणि वरच्या रंगाला धरून ठेवतो. इथे तो पत्र्यावरून मागे सरकत होता. आणि ज्यांची ही कोठी, त्या बाईंची नातवंडं रविवारी येणार होती.

मी सोलापुरात कॉम्प्युटर जोडून देते. कॅबिनेट, म्हणजे सगळे पार्ट ज्यात बसतात तो डबा, गिऱ्हाइकाला हवा तसा कापून रंगवून देणं हे माझं खास काम. पोरांना काच आणि रंगीत दिवे हवे असतात. अकलूजच्या माने बाई मात्र धान्याची जुनी पत्र्याची कोठी घेऊन आल्या. बाई निवृत्त मुख्याध्यापिका.

"यात गेमिंगचा कॉम्प्युटर बसव. बघणाऱ्याला कोठीच दिसली पाहिजे."

"कुणापासून लपवायचाय, बाई?"

"नातवंडांपासून. सुट्टीला आली की मला खुर्ची मिळत नाही. वर्षभर खेळून मी रँक मिळवते, ती पोरं दोन दिवसांत घालवतात. लाज वाटते टीममध्ये तोंड दाखवायला."

आमचे मालक शेखरसर पुढे झाले. "बाई, समोर काच टाकू की. आत लाइट. लई भारी दिसंल, आमी फोटो टाकू."

"शेखर, तू शाळेतही प्रश्न न वाचताच उत्तर लिहायचास."

सर बाईंचे विद्यार्थी. ते गुपचूप काउंटरमागे गेले.

मी कामाला लागले. मागच्या बाजूला हवा बाहेर टाकायला गोल भोकं पाडली, तळाला हवा आत यायला जाळी बसवली. कापलेल्या कडा कानशीने घासल्या, नाहीतर वायर सोलून निघते. आत जुन्या कॅबिनेटची प्लेट रिव्हेटने ठोकली. रिव्हेटची डोकी पुट्टीने बुजवली, पॉलिश पेपरने सपाट केली. बाजूचे पोचेही भरायला घेतले, तेवढ्यात बाई आल्या.

"पोचे कशाला भरतेस? नवी कोरी कोठी बघून कुणालाही शंका येईल."

भरलेली पुट्टी मी खरवडून काढली. मग थिनरने पुसून प्राइमर मारला आणि ते खड्डे आले. घासून पुन्हा मारला, पुन्हा खड्डे. सर म्हणाले, "मार की वरनं सिल्व्हर. कोण भिंग घेऊन बघतंय?"

"रंग पापुद्र्यासारखा निघेल, सर. बाई तुम्हाला बोलतील, मला नाही."

"मग घास, घास."

असे खड्डे पडले की खाली तेल असतं. मी बाईंना फोन लावला.

"बाई, कोठीत काय ठेवत होता?"

"गहू. एरंडेल चोळून. किडे लागत नाहीत."

"किती वर्षं?"

"लग्न झाल्यापासून."

तेल पत्र्याच्या जोडात मुरलं होतं. कितीही पुसलं तरी झिरपून बाहेर यायचं. सगळा प्राइमर उतरवला. कढत पाण्यात धुण्याचा सोडा घालून जोड ब्रशने घासले, कोठी उन्हात कडकडीत तापवली. सोलापूरचं ऊन या कामाला भट्टीसारखं आहे. जोडातून तेलाचे ओघळ आले. ते पुसले, परत धुतली, परत वाळवली. ओघळ थांबल्यावर नव्या फडक्याने थिनर फिरवला आणि प्राइमर मारला. या वेळी तो सायीसारखा सपाट बसला. वर मळकट सिल्व्हर मारला. शनिवारी कोठी अकलूजला गेली, बाईंच्या खोलीत टीव्हीच्या बाजूला; पडद्याचं काम टीव्हीच करणार होता. रविवारपासून नातवंडं दिवसभर शेजारून पळत होती, एकालाही पत्ता लागला नाही. दुपारी बाई दार लावून कानाला हेडफोन लावायच्या. आजी प्रवचन ऐकतेय अशी सगळ्यांची समजूत.

आठवड्याने बाईंचा फोन आला. आवाज दबका.

"अगं, घोटाळा झाला. सूनबाई गव्हाचं पोतं घेऊन आली आणि झाकण उघडलं."

"गहू ओतला?"

"ओंजळभर. आतले पंखे फिरत होते. दाणे परत तिच्याच तोंडावर उडाले."

"कॉम्प्युटर?"

"चालतोय. पण तिला सगळं कळलं. मुलांना सांगणार नाही म्हणाली. अट एकच. दुपारी निम्मा वेळ तिचा."

"खेळता येतं त्यांना?"

"माझ्यापेक्षा बरं," बाई नाइलाजाने म्हणाल्या.

तेव्हापासून असं काम आलं की मी झाकणाला कुलूप बसवते. वस्तू हुबेहूब वठली की लोक ती वापरायला घेतात.